घोडा, गड आणि लग्नगाठ

आमच्या वाचनालयात पुस्तक मागायला येणारी माणसं लेखकाचं नाव क्वचितच सांगत. 'टापांचं द्या', 'गडाचं द्या', 'रडवणारं नको, पण देवाधर्माला धरून असलेलं द्या', अशी मागणी असे. शहापूरच्या बाजारपेठेतलं छोटं वाचनालय, 'ड' वर्गातलं. मी तिथे देवघेवीच्या टेबलाशी बसायची आणि राहायला भातसा नदीच्या पलीकडे, सापगावात. किन्हवली-मुरबाडकडची मंडळी शहापूरला बाजाराला येताना आमच्याच पुलावरून जात, त्यामुळे वाचक आणि मी बरेचदा एकाच जीपमध्ये असायचो. पुस्तक परत करायला उशीर झाला की माणसं जीपमध्येच दंडाची घासाघीस सुरू करत.

कार्यकारिणीतले एक गृहस्थ अशा पुस्तकांना 'फालतू माल' म्हणत. त्यांना वैचारिक पुस्तकं हवी होती, आणि ग्रंथालय निरीक्षक आले की तीच पुढच्या कपाटात लावली जात. तीच पुस्तकं पुढच्या तपासणीला तशीच कोरी निघत. झिजायची ती मागच्या कपाटातली. घोड्यावरचा वीर, गडावरची लढाई, आणि शीलाने वागून शेवटी सुखाला लागणारी बाई, या तीन गोष्टींवर आमच्या भागातलं वाचन उभं राहिलं. ते फालतू होतं हे मला कधीच पटलं नाही, कारण मराठी कादंबरीचा जन्मच मुळी या घरात झालाय.

मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती 'यमुनापर्यटन' १८५७ सालची. लिहिणारे बाबा पदमनजी मूळचे बेळगावचे, १८५४ साली ख्रिस्ती झालेले. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि वाटेत गावोगाव विधवांचे हाल बघत जाते. मग तिचाच नवरा वारतो, पुढे ती ख्रिस्ती होते आणि दुसरं लग्न करते. विधवाविवाहाचा कायदा झाला १८५६ साली, म्हणजे शाई वाळायच्या आत बाबांनी गोष्ट रचली. पुस्तकात उपदेश फार आहे, चर्चेची पानं मी तरी भराभर उलटते. पण ज्या बाया यमुनेला वाटेत भेटतात त्यांची दुःखं खरी वाटतात. कुणाचं केशवपन, कुणाला घरातल्याच पुरुषाचा जाच, हे सगळं त्या काळात छापून आणायला छाती लागत होती.

हे पुस्तक मला पुन्हा आठवलं ते भाचीमुळे. ती आसनगावहून रोज ठाण्याला कामाला जाते आणि गाडीत मोबाइलवर इंग्रजी कादंबऱ्या वाचते. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या काळातल्या. बैलगाड्यांचे तांडे, गवताची मैदानं, एकटी पडलेली बाई, अबोल शेतकरी आणि घरात बायबल. या प्रकारची आजची लाट कॅनडाच्या जॅनेट ओक यांच्या 'लव्ह कम्स सॉफ्टली' या १९७९ सालच्या कादंबरीपासून धरतात. भाचीने मला ती गोष्ट भाकऱ्या थापताना सांगितली. मार्टी नावाची पोर नवऱ्याबरोबर पश्चिमेला आलेली, नवरा अपघातात जातो. त्याला पुरतात त्याच दिवशी क्लार्क नावाचा विधुर तिच्यापुढे उभा राहतो. माझ्या लहान मुलीला आई हवी आहे, लग्न कर, तांडा परत पूर्वेला निघेल तेव्हा जायचं असेल तर भाडं मी देईन. दोघं एका छपराखाली राहतात, प्रेम नंतर येतं.

'आत्या, कसं वेगळंच ना?' भाची म्हणाली. मला काही वेगळं दिसेना. आधी लग्न, मग ओळख, आणि माया जमली तर जमली, हे सांगायला आमच्या पिढीला कादंबरी लागत नव्हती. वेगळेपण दुसरीकडेच आहे. मार्टी नवऱ्याला माती दिली त्याच दिवशी पुन्हा लग्नाला उभी राहते, आणि गावात कुणी ब्र काढत नाही. तिथे बाईचे हात कमी आणि कामं फार होती. आमच्या यमुनेला त्याच गोष्टीसाठी धर्म सोडावा लागला. दोन्ही पुस्तकं ख्रिस्ती श्रद्धेची आहेत, दोन्हींत विधवेचा पुनर्विवाह आहे. पण एकात देव तिला घरात आणतो, दुसऱ्यात घराबाहेर काढतो. म्हणून ओकबाईंचं पुस्तक निवांत वाचून झोपता येतं आणि 'यमुनापर्यटन' वाचून येत नाही.

श्रद्धा आणि प्रेमकथा यांचं जुळवून दिलेलं लग्न आमच्याकडे त्याहूनही जुनं आहे. एकनाथांचं 'रुक्मिणीस्वयंवर' १५७१ सालचं. लग्न जमत नसलेल्या मुलींना ते अजून वाचायला लावतात. नीट पाहिलं तर त्यात काय नाही? मनाविरुद्ध ठरलेलं लग्न, चोरून धाडलेलं पत्र, देवळाबाहेर येऊन थांबलेला रथ, मागे लागलेलं सैन्य, भावाशी लढाई, आणि शेवटी वाजतगाजत लग्न. आता याला घोडदौड म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? पुण्य पदरात पडतं म्हणून मोठी माणसं आडवी येत नसत. मुलींना गोष्ट आवडायची, आईबापांना फळ हवं असायचं.

सापगावात आवणी उरकली की श्रावणात पोथी लागे. माझे चुलत सासरे हरिविजय किंवा पांडवप्रताप सांगत. बाहेर पाऊस, नदी पुलाला टेकलेली, म्हणजे शहापूरला जाणं बंद आणि माणसं घरातच. अध्याय संपला, आरती झाली, की पुरुषांपैकी कुणीतरी हळूच म्हणायचं, 'दादा, आता ते काढा.' मग पोथीच्या कापडाखालून नाथमाधव निघायचे. वेष्टन गेलेलं, पहिली पानं नसलेलं 'स्वराज्य' मालेतलं एखादं पुस्तक. सासरे ते पोथीच्याच चालीवर, हेल काढत वाचायचे. दाराआड बसलेल्या आम्हा बायकांना शिवाजी महाराज आणि श्रीकृष्ण एकाच सुरात ऐकायची सवय लागली होती. लढाईच्या वर्णनाला सासरे आवाज चढवत. नायिकेचा प्रसंग आला की मात्र घाईने वाचत, सुनांसमोर त्यांना अवघड होई. मग दुसऱ्या दिवशी दुपारी तीच पानं आम्ही बायका काढायचो.

नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. सिंहगडाच्या परिसरात शिकारीला गेलेले असताना कड्यावरून पडले आणि कमरेखालचं शरीर लुळं झालं. त्यानंतर अंथरुणाशी खिळून या माणसाने स्वराज्याची स्थापना, कारभार, संकटं, दुफळी असं सगळं सात भागांत लिहून काढलं. 'वीरधवल'सारखी अद्भुत कादंबरी वेगळीच. स्वतःला पाय हलवता येत नसताना पानोपानी घोडे उधळवायचे, याला मी कौतुकापलीकडचं काही म्हणते. १९२८ साली ते वारले तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती.

गडाची वाट त्यांच्याआधी घातली होती ती रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी. 'मोचनगड' १८७१ साली आली, त्याआधी ती 'विविधज्ञानविस्तार' मासिकात क्रमशः येत होती. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी तीच. गडाचं नाव कल्पित आणि शिवाजी महाराज थोडेच दिसतात. त्याआधीच्या दशकात 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' अशा अद्भुतरम्य गोष्टींचा सुळसुळाट होता. त्यांतले राजवाडे आणि उपवनं कुठल्या मुलखातली हे कुणी विचारायचं नाही. गुंजीकरांनी तोच प्रेमाचा आणि साहसाचा धागा आपल्या डोंगरात आणून ओवला. गंमत बघा, १८१८ नंतर इंग्रजांनी किल्ल्यांच्या वाटा सुरुंग लावून उडवल्या, आणि पन्नास-बावन्न वर्षांनी कादंबरीकाराने कागदावर नवी वाट खोदली.

अमेरिकेतही असंच झालं. १८९० च्या खानेसुमारीनंतर तिथल्या सरकारने सांगून टाकलं की वस्तीची पश्चिम सरहद्द अशी आता उरली नाही. सगळीकडे माणसं, कुंपणं आणि रेल्वे झाली. त्यानंतर ओवेन विस्टरची 'द व्हर्जिनियन' आली १९०२ साली, झेन ग्रेची 'रायडर्स ऑफ द पर्पल सेज' १९१२ साली, आणि गुराख्याचा नायक झाला. आपल्याकडे त्याच १८९० साली हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं. त्यातून 'उषःकाल', 'गड आला पण सिंह गेला' या कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने घरोघरी गेल्या. राज्य हातचं गेलेली माणसं ते हप्ते वाचत होती. मैदानं संपली की मैदानांची गोष्ट खपते आणि राज्य गेलं की राज्याची. हरिभाऊंनी सुरुवातीला रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबरीवरून 'मधली स्थिती' लिहिली होती. उसना कपडा त्यांनी लवकर टाकला म्हणून बरं.

पुस्तकं कुणी कशासाठी वाचली हे मला पानं बघून कळायचं. बांधणीला पाठवण्याआधी मी प्रत्येक पुस्तक चाळत असे. 'गड आला पण सिंह गेला'ची आमची प्रत घ्या. तानाजी कडा चढतो ती पानं बऱ्यापैकी ताठ होती. कमलकुमारीची पानं मात्र शिवणीतून सुटलेली, कोपरे दुमडून मऊ पडलेले, एके ठिकाणी हळदीचं बोट. सती निघालेली रजपूत बाई, तिला पळवून गडावर आणणारा उदयभानू, आणि तिची सुटका होणार की नाही. शाळेत आम्हाला या पुस्तकातून शौर्य शिकवलं. दुपारच्या वाचकांनी मात्र त्यात बाईची गोष्ट वाचली होती. 'राऊ'ची प्रत मस्तानीपाशी आपोआप उघडे. 'स्वामी'च्या शेवटी, थेऊरच्या प्रसंगात, पानांना पाण्याचे डाग होते. भातसेच्या पुराचे नव्हेत.

'स्वामी' १९६२ सालचं, रणजित देसाईंचं. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाल्यामुळे कार्यकारिणीतल्या त्या गृहस्थांना ते पुढच्या कपाटात ठेवायला हरकत नव्हती. पण वाचकांच्या लेखी ते नाथमाधवांच्याच कुळातलं होतं. माधवराव आणि रमाबाई म्हणजे लहानपणी लागलेलं लग्न, राज्यकारभारात न मिळणारा एकांत, नवऱ्याचं आजारपण आणि देवापाशी मांडलेलं मागणं. १९८७ साली दूरदर्शनवर 'स्वामी' मालिका लागली तेव्हा आमच्याकडे या एका पुस्तकासाठी नंबर लावावे लागले. 'बाजीराव मस्तानी' सिनेमा आला तेव्हा ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'चं तसंच झालं, आणि २०२५ साली शिवाजी सावंतांच्या 'छावा'चं. पडद्यावर बघितलं की लोक पुस्तक सोडतात असं म्हणतात. मी उलटं पाहिलंय.

टापांचं पुस्तक मागणारे बहुतेक तरुण मुलगे. त्यांना इतिहासाशी देणंघेणं नव्हतं. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, गुरुनाथ नाईकांचा गोलंदाज, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद हे त्यांचे देव. ही पॉकेट बुकं वाचनालय विकत घेत नसे, कुणीतरी घर आवरताना पिशवीभर आणून देई. कसाऱ्याच्या गाडीत ती एका हातातून दुसऱ्या हातात जात आणि कल्याण येईपर्यंत संपत. 'मॅकेनाज गोल्ड' आणि नंतर 'शोले' या सिनेमांनी दऱ्या, धूळ आणि बंदुकांचं वेड लावलं होतं. आमच्या माहुली गडाचे सुळके बघून मुलं म्हणायची, अगदी सिनेमातल्यासारखे दिसतात. मला राग यायचा. अरे, सिनेमा काल आला, माहुली आधीपासून उभा आहे.

आणि नुसता उभा नाही. १६३६ साली शहाजीराजे याच गडावर वेढ्यात अडकले होते. मोगल आणि आदिलशाही फौजा खाली होत्या आणि गड त्यांना द्यावा लागला. पुरंदरच्या तहात माहुली मोगलांकडे गेला. १६७० साली पहिला हल्ला फसला आणि त्याच वर्षी तो परत घेतला. वेढा आहे, पराभव आहे, फितुरीची भीती आहे, परत चढाई आहे. तरी आमच्या कपाटातल्या गडाच्या पुस्तकांत माहुलीचा उल्लेख आला तर ओळीपुरता येई. सिंहगड, पन्हाळा, रायगड वाचून वाचून आमच्या पोरांना पाठ. घराच्या ओट्यावरून दिसणारा गड मात्र त्यांना कादंबरीत भेटला नाही.

गडाचं एक वेळ राहू द्या, माणसांचं काय? राघोजी भांगरे घ्या. महादेव कोळी समाजातला, अकोले तालुक्यातल्या देवगावचा. त्याने सावकारांच्या आणि इंग्रजांच्या विरोधात बंड उभारलं. त्याचे लोक घाटावरून आमच्या बाजूच्या जंगलात उतरत आणि परत चढून जात. शेवटी पंढरपूरला यात्रेकरूच्या वेषात असताना तो पकडला गेला, आणि २ मे १८४८ रोजी त्याला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. घोडे, घाट, बक्षीस लावलेलं डोकं, सावकाराच्या फाडलेल्या वह्या, वारकऱ्याचं सोंग. कुठल्याही अमेरिकी लेखकाने यावर दहा पुस्तकं काढली असती. दुसरी गोष्ट सिद्धगडाची, तो मुरबाड तालुक्यातला. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आपला आझाद दस्ता घेऊन विजेचे मनोरे पाडत होते. ते आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. मुरबाडच्या लोकांना हे ठाऊक आहे, दरवर्षी तिथे माणसं जमतात. पण आमच्या टेबलाशी 'भाई कोतवालांची कादंबरी द्या' असं म्हणत कुणी आलं नाही. असं काही मागता येतं हेच कुणाच्या डोक्यात नव्हतं.

याचं कारण मला गडाच्या कादंबऱ्यांतच दिसतं. गडाच्या पायथ्याचा माणूस त्यांत येतो तो वाट दाखवायला, दिवटी धरायला, निरोप पोचवायला. इमानी असतो आणि धन्यासाठी मरतो. अमेरिकेच्या टापांच्या पुस्तकांत तिथला मूळ रहिवासी एक तर डोकी कापणारा शत्रू असतो, नाही तर गोऱ्या नायकाचा भरवशाचा सोबती. आमच्याकडे शत्रूची जागा दुसऱ्यांना दिली, सोबत्याची ठाकर-कोळ्यांना दिली. नायकाची जागा कुणी दिली नाही. आमच्या वाचकांत ठाकर आणि महादेव कोळी पोरं पुष्कळ होती, आश्रमशाळेत शिकलेली. ती शिवकालीन कादंबऱ्या मनापासून वाचत आणि स्वतःला नायकाच्या जागी धरत. पुस्तकाने त्यांना कुठे ठेवलंय याकडे बघत नसत. वाचकाचा हा मोठेपणा आहे, लेखकांचा नाही.

एका पुस्तकाने ही रीत मोडली. अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा', १९५९ सालची. वारणेच्या खोऱ्यातला मांग समाजातला नायक, त्याचा गबऱ्या घोडा, दुष्काळात फोडलेली धान्याची कोठारं, लुटलेला खजिना, मागे लागलेलं सरकार. टापांचं पुस्तक मागणाऱ्या मुलाला मी कधी कधी मुद्दाम 'फकिरा' देई. सांगत काही नसे. घेताना तो तोंड वाकडं करी, कारण मुखपृष्ठावर पिस्तूल नाही. परत करताना विचारी, 'याच माणसाचं आणखी काय आहे?' मग 'वारणेचा वाघ' जाई. प्रेम, शील, घोडा, लढाई सगळं त्यात होतं आणि पायथ्याचा माणूस मधोमध होता. वाचकांना असं पुस्तक नको असतं, असं जे म्हणतात त्यांनी आमचं देवघेवीचं रजिस्टर बघावं.

आता माझ्या जागी दुसरी मुलगी बसते. ती हुशार आहे, वाचकाला काय हवं ते तिला चेहऱ्यावरून कळतं. पॉकेट बुकांची पिशवी हल्ली कुणी आणत नाही, घरं पाडताना ती सरळ रद्दीत जाते. तुमच्याकडे शहापूर-मुरबाडात कुठेही माळ्यावर नाथमाधव, अर्नाळकर, नाईक पडलेले असतील तर वजनावर घालू नका, जवळच्या वाचनालयात आणून द्या. घरात राघोजीची, भाई कोतवालांची, माहुलीची गोष्ट सांगणारं कुणी म्हातारं माणूस असेल तर वहीत उतरवून घ्या आणि तीही द्या. पुस्तकाची पहिली पानं नसली तरी चालेल. आमच्याकडे खळ आहे, पुठ्ठा आहे, आणि गोष्ट मधूनच सुरू झाली तरी वाचणारे लोक आहेत.